पेट्रोलचे डोहाळे

फाल्गुन लागला, मृग बहाराचा तोडा, म्हणजे फळांची तोडणी, सुरू झाला, की आमच्याकडे येणारे पाहुणे फाटकातच थांबतात. डोळे मिटतात, छाती भरून श्वास घेतात आणि म्हणतात, "काय वास सुटलाय हो संत्र्यांचा." मी तेव्हा पदर नाकाला लावून ओट्यावर उभी असते. त्यांना संत्र्यांचा वास येतो. मला पेट्रोलचा येतो.

हे कोणाला सांगायची सोय नाही. मोर्शीच्या पट्ट्यात जिची हयात संत्र्याच्या बागेत गेली, तिने संत्र्याला नाक मुरडावं हे लोकांना माज वाटतो. पण नाक माझं आहे, आणि सत्तरी ओलांडलेल्या बाईने निदान स्वतःच्या नाकाशी तरी खरं वागावं. तोड्याच्या दिवसांत झाडाखाली जी गळ पडलेली असते, ती कधी जवळून बघा. अर्धं फळ केशरी, अर्ध्यावर हिरवट बुरशी, त्यातून झिरपणारं पाणी आणि वर चिलटांचा ढग. त्यावर पाय पडला की पचकन आवाज होतो आणि चप्पल दिवसभर जमिनीला चिकटत चालते. पाहुणे फोटो काढतात ते फांदीवरच्या फळांचे.

या वर्षी तर वासाचं निमित्तही शोधायला नको. खरंखुरं पेट्रोलच घरात येऊन बसलं आहे. माझा नातू गौरव याने संत्री निवडायची शेड अर्धी अडवून तिथे एक लाल, बुटकी, कोणाची तरी वापरून झालेली मोटार उभी केली आहे. हिवाळाभर तो तिच्या पोटात हात घालून बसला. इकडे बाया संत्री निवडतात, तिकडे हा नळ्या निवडतो. मध्ये एक ताडपत्री टांगली आहे. तिच्या आडून वास यायचा थांबेल अशी त्याची समजूत असावी.

"हे काय लावून राहिला बापा?" मी एकदा विचारलं.

"टर्बो लावला आजी. इंजिनात हवा कोंबून कोंबून भरते तो. हवा जास्त गेली का पेट्रोल बी जास्त लागते. म्हणून मंग टाकीतला पंप मोठा केला, इंजेक्टर मोठे टाकले. नाही टाकले तं इंजिन उपाशी राह्यते आन आतून जळते."

"म्हणजे आधी पोराले भस्म्या रोग लावायचा, आन मंग त्याच्यासाठी मोठा गंज चुलीवर चढवायचा."

"हाव, तसंच," गौरव म्हणाला. लाजबीज काही नाही. वर त्याच काळ्या बोटांनी एक संत्रं सोलून त्याने फोड माझ्यापुढे धरली. पांढऱ्या शिरेवर त्याच्या अंगठ्याचा ठसा उमटला होता. मी ती फोड पदराआड नेली आणि अंगणातल्या कोंबडीला टाकली. कोंबडीनेही मान वाकडी करून तिच्याकडे बघितलं आणि ती निघून गेली.

एवढ्यावर भागलं असतं तर मी नाक दाबून हंगाम काढला असता. पण गौरवच्या बायकोला, प्राचीला, दिवस गेलेले आहेत. तिचं माहेर अकोल्याचं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, म्हणून डोहाळजेवण झालं की तिला तिकडे पोचवायचं ठरलं होतं. आणि गौरवने जाहीर केलं की तिला मी माझ्याच गाडीतून नेणार, त्या लाल गाडीतून, आणि पोट्ट्यांनी रस्त्यात वळून बघितलं पाहिजे.

या घरातून पूर्वी एक गर्भार बाई अशीच एका भुकेल्या मोटारीतून अकोल्याला निघाली होती. ती बाई मी होते.

मी म्हणजे ती, जिचा फोटो अजून माजघरात लटकतो आहे. अकोल्याची पदवीधर पोरगी, केसाला पिना, मानेला उगाच एक बाक. स्वतःला फार हुशार समजायची. मोटारीतलं तिला काडीचं कळत नव्हतं. पण मोटारीच्या बॉनेटमध्ये डोकं घातलेला नवरा तिला फार देखणा दिसायचा. आता बॉनेटमध्ये डोकं घातलेल्या माणसाचं दिसतं काय, तर पाठ. त्यावर घामाचा नकाशा. बाईसाहेब त्या नकाशावर भाळल्या होत्या.

मग तिला दिवस गेले. बायकांना चिंच लागते, कैरी लागते, कोणी चुलीची माती चाटते, कोणी कोऱ्या मडक्याचा तुकडा चघळते. हिला पेट्रोलचा वास लागला. नवऱ्याचा सदरा धुवायला टाकायच्या आधी ती त्यात तोंड खुपसून बसायची. सासूबाईंनी हे बघितलं तेव्हा आधी त्यांना वाटलं की सुनेचं नवऱ्यावर फार प्रेम आहे. म्हणून त्या दोन दिवस गप्प बसल्या. तिसऱ्यांदा बघितलं तेव्हा विचारलं, "कावून हुंगून राहिली वं त्या मळक्या सदऱ्याले?"

"पेट्रोलचा वास येते ना आई त्याले. तो घेतला का बरं वाटते."

दुसरी कोणी असती तर तिने सुनेला दृष्ट काढायला बसवलं असतं. आमच्या सासूबाई तत्त्वाच्या. गर्भारणीची इच्छा मारायची नाही. मारली तर पोराची लाळ गळते, आणि कितीही पुसली तरी गळतच राहते, यावर त्यांचा ठाम विश्वास. त्यांनी अत्तराची एक रिकामी कुपी धुतली, तिच्यात पेट्रोल भरलं आणि माझ्या उशाशी ठेवली. रोज दुपारी मी त्या कुपीचं बूच काढून डोळे मिटायची. आज कोणा डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं तर त्या मलाच नव्हे, सासूबाईंनाही वरून खाली बोलावून फैलावर घेतील. आणि घ्यावंच. आता शेडमधून ती झुळूक आली तरी माझ्या जिभेच्या मुळाशी कडू पाणी सुटतं, आणि ही बया ते कुपीतून घेत होती, वर पोटावर हात ठेवून गोड हसत होती.

इथवर ठीक. पण आमचे हे, म्हणजे तीच ती पाठ, फार धूर्त माणूस. आज आरामखुर्चीत बसतात, नातवंडं 'आबाजी' म्हणतात आणि समोरून गाय गेली तरी तिला 'सांभाळून जाय वं' म्हणतात. तेव्हाची गोष्ट वेगळी. त्यांना अकोल्याच्या भंगारवाल्याकडे एक मोठा, दुहेरी तोंडाचा कार्बोरेटर दिसला होता आणि तो आमच्या मोटारीला बसवायचा होता. मामंजींचा सक्त विरोध. "गाडी चालते ना? मंग तिले हात लावू नको," एवढंच ते म्हणायचे, आणि त्यांच्या पुढे बोलायची पद्धत नव्हती. यांनी मग माजघराचा रस्ता धरला.

"आई, कुपीतल्या वासानं काय होते. अर्धा तं उडून जाते. कार्बोरेटर समोर खोलून ठेवला, का तिले जिवंत वास भेटन."

सासूबाई तडक मामंजींपुढे गेल्या. "पोराची लाळ गळली तं तुमी पुसान काय जलमभर?"

मामंजींनी पानदान पुढे ओढलं आणि ते सुपारी कातरत बसले. त्या घरात याचा अर्थ होकार.

अशा रीतीने माझ्या डोहाळ्यांच्या नावावर मोटारीला नवं तोंड आलं. ते पितळेच्या परातीत घालून ओसरीवर मांडलं होतं. मी झोपाळ्यावर. हे खाली मांडी घालून बसलेले, हातात कुंचला, परातीत पेट्रोल. एकेक जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक तोटी, फुंकून उन्हात धरायचे आणि मला दाखवायचे. मी म्हणायची, "अय्या, किती बारीक भोक." त्या ओसरीवर माझं एवढंच योगदान. लोणच्याची बरणी तिथेच वाळत होती. त्या साली लोणच्याला जो वास लागला तो घरातल्या कोणी बोलून दाखवला नाही, पण बरणी पावसाळ्यात गुपचूप उकिरड्यावर गेली.

आता गौरवच्या बडबडीतून मला जे कळतं ते तेव्हा दोघांनाही कळत नव्हतं. यांनी कार्बोरेटर मोठा केला. पण खालचा पंप जुनाच, टाकीकडून येणारी नळी जुनीच, करंगळीएवढी. तोंड मोठं झालं आणि घसा तेवढाच राहिला. ते इंजिन घास मागायचं आणि मागून कोणी वाढत नव्हतं. नवीन म्हणून पहिले काही दिवस गाडी अंगणात गुरगुरली तेव्हा मला वाटलं, काय रुबाब आहे. तो रुबाब नव्हता, भूक होती.

या वर्षीच्या प्राचीच्या डोहाळजेवणात झोपाळा नव्हता. हल्ली तसं करत नाहीत म्हणे. तिला त्या लाल गाडीत बसवलं. गाडीला झेंडूच्या माळा, आरशांवर संत्र्यांचे घोस, टपावर केळीची पानं. प्राचीच्या हातात फुलांचा धनुष्यबाण, अंगावर हिरवी साडी, आणि ती बसलेली ड्रायव्हरशेजारच्या सीटवर, दार उघडं ठेवून, फोटोत पोट यावं म्हणून. उकडतं म्हणून गौरवने इंजिन सुरू ठेवलेलं, एसी चालू. बाया डोहाळ्यांची गाणी म्हणत होत्या आणि इंजिन त्यांच्यावर गुरगुरत होतं. मी हे बघितलं आणि मला शिसारी आली ती वासाची नव्हे, ओळखीची. तीच हिरवी साडी, तीच गुरगुर. फक्त या वेळी पोट दुसऱ्याचं होतं.

आमच्या वेळी अकोल्याला निघायचा मुहूर्त दुपारचा निघाला होता. फाल्गुनातली दुपार, बाकी जगाने सावलीला बसावं अशी वेळ. पण गुरुजींनी सांगितलं म्हटल्यावर मामंजींनी छत्री धरून आम्हाला गाडीत बसवलं. मागच्या सीटवर माहेरासाठी संत्र्यांची पोती. माझ्या ओटीत नारळ, तांदूळ आणि हिरवा खण. अमरावती मागे पडली, बडनेरा मागे पडलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पळस पेटलेला, काळ्या जमिनीला भेगा, वाऱ्यात सरकीचा धूळभरला वास. गाडी खरोखर पळत होती. हे एका हाताने चाक धरून दुसऱ्या हाताने मिशी चाचपत होते. मी पदर खिडकीबाहेर उडू देत होते. माझं मत असं होतं की आपण फार सुंदर दिसत असणार.

मूर्तिजापूरच्या अलीकडे गाडीला उचकी लागली. एक, मग पुन्हा एक, मग नुसत्या उचक्याच. शेवटी ती कडेला जाऊन उभी राहिली. यांनी बॉनेट उघडलं. जुन्या पंपाला खाली काचेची वाटी असायची, आतलं पेट्रोल दिसायचं. त्या वाटीत बुडबुडे येत होते.

"पेट्रोल उकळून राहिलं," हे म्हणाले.

"मंग शिजलं का?" मी विचारलं.

हा माझा विनोद नव्हता. मला खरंच वाटलं होतं की शिजलं की पुढे जाता येईल.

नळी गरम लोखंडाजवळून जायची. ऊन वरून, इंजिन खालून, आणि नवं तोंड वरून ओढतंय. पेट्रोलची वाफ व्हायची आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. त्यावर तेव्हाच्या ड्रायव्हर लोकांचा उपाय एकच, पंपावर ओलं फडकं. फडकं नव्हतं. मी ओटीतला खण काढून दिला. आमच्याकडचं पाणी त्यावर ओतलं, वाफा निघाल्या, गाडी सुरू झाली. बोरगाव मंजूच्या आधी पुन्हा उचकी. पाणी संपलेलं. जवळ विहीर नाही, झाड म्हणाल तर एक बाभूळ. हे कमरेवर हात ठेवून क्षितिजाकडे बघत होते आणि पाठीवरचा नकाशा वाढत होता.

आणि मग मला ती कल्पना सुचली. माझी, इतर कोणाची नाही. यांनी पुढे कितीतरी पाहुण्यांना ती स्वतःची म्हणून सांगितली, पण हक्क माझा आहे. मी मागच्या सीटकडे बोट दाखवलं. "एवढी पोती भरून रस आहे की."

"डोकं आहे तुह्यात," हे म्हणाले. लग्नानंतर प्रथमच. त्या वाक्यावर मी पुढची सगळी दुपार फुगून राहिले.

आम्ही दोघं त्या मोटारीच्या उघड्या जबड्यापुढे उभं राहून संत्री पिळत होतो. सोलायचं, पिळायचं, चोथा फेकायचा. हिरवा खण केशरी झाला, मग तपकिरी. रस गरम लोखंडावर पडला की चर्र होऊन करपायचा. तापलेलं लोखंड, पेट्रोल आणि करपलेली साखर, या तिघांचा मिळून जो वास होतो त्याला आपल्या भाषेत शब्द नाही, आणि नाही तेच बरं. मी पेट्रोलच्या आशेने वाकून लांब श्वास घेतला. तो श्वास अजून माझ्या नाकात आहे. पोटातून सगळं वर आलं. त्या बाभळीला धरून मी ओकले आणि डोहाळे तिथल्या तिथे संपले. हे मात्र पाठीमागून हाक मारत होते, "आवं, दोन संत्री आखीन दे."

गाडी सुरू झाली. आणि आता ती अशी पळाली की मी तोंड पुसता पुसता टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, रसाने तिला जोर आला. नवऱ्याचं तोंड मात्र पांढरं पडत होतं. त्यांनी पायडलवरचा पाय उचलला होता आणि गाडी हळू होत नव्हती. रस फक्त पंपावर पडला नव्हता. पायडलने ओढली जाणाऱ्या कार्बोरेटरच्या कांडीवर, तिच्या स्प्रिंगवर पडला होता आणि गरमीने त्याचा पाक झाला होता. चांगला दोन तारी. ॲक्सिलरेटर त्या पाकात चिकटून बसला होता. जी गाडी चालायला तयार नव्हती ती आता थांबायला तयार नव्हती.

"पाय काढा ना," मी म्हटलं.

"काढला."

"मंग?"

त्यांनी चावी फिरवली, इंजिन बंद झालं आणि गाडी आपल्याच गुर्मीत रस्ता सोडून एका शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कडब्याच्या गंजीत जाऊन घुसली. बाकी काही झालं नाही. इतकं काही झालं नाही की मला आजही त्याचीच भीती वाटते. समोर गंजी होती. विहीर नव्हती, बैलगाडी नव्हती, शाळेतून येणारी पोरं नव्हती. ती जाण त्या बावळट मुलीला नव्हती. ती पोटावर हात ठेवून म्हणाली, "मऊ लागलं, नाही?"

आम्ही उतरेपर्यंत मुंग्या आल्या. मग मधमाश्या. बॉनेटवर त्यांनी असा घोंगाट केला की यांना जवळ जाता येईना. शेताच्या मालकाने आधी गंजीकडे बघितलं, मग गाडीकडे, मग माझ्या पोटाकडे. "पोरगी अवघडलेली आहे आन असं चालवता काय बापा," एवढंच बोलून त्याने आपली बैलांची दमणी जुंपली. अकोल्याला माहेरच्या दारात मी दमणीतून उतरले. भाकरतुकडा ओवाळायला पुढे आलेली आई तीन पावलांवर थबकली आणि तिने नाकाला पदर लावला.

"काय वं, राकेलच्या डब्यात बसून आली काय?"

आमचे हे ही गोष्ट आजही सांगतात. त्यांच्या गोष्टीत पंप नसतो, ओकारी नसते. त्यांच्या गोष्टीत एवढंच असतं, "अशी गाडी बनवली होती म्हाराज, थांबाले तयार नोती." गौरव लहानपणापासून हेच ऐकत मोठा झाला. त्या दिवशी माझ्या पोटात होता तो गौरवचा बाप, सुधाकर. त्याला मोटार लागते. दुसरा कोणी चालवत असला की चौकापर्यंत जाताना उलटी. म्हणून तो स्वतःच चालवतो, बैलांना लाज वाटेल इतक्या हळू. त्याच्या वाट्याचं सगळं तो पोटातच हुंगून बसला, असं मी म्हणते. लाळ मात्र कधी गळली नाही, हे सासूबाईंच्या वतीने कबूल करायला हवं.

तर प्राची त्या सजवलेल्या गाडीत बसली होती. गाणी संपली, फोटो संपले, ओटी भरली. गौरव म्हणाला, आता असेच निघतो, माळा राहू देत. मी हळदीकुंकवाचं तबक घेऊन उघड्या दारापाशी गेले आणि मला तो वास आला. धुराचा नव्हे. धुराला मी सरावले आहे. हा कच्च्या पेट्रोलचा, ओला, गोडसर, परातीतला वास.

"गौरव, पेट्रोल गळून राहिलं."

बाया हसल्या. सुधाकरची बायको म्हणाली, "आई, तुमाले तं देवघरातबी पेट्रोलचाच वास येते." हे खरं होतं. मी आयुष्यभर इतक्या वेळा नाक दाबलं होतं की आता माझ्या नाकाला कोणी विचारत नव्हतं.

"आजी, पुरा सिस्टम बदलवला मी," गौरव म्हणाला. "पंप नवा, इंजेक्टर नवे, रेग्युलेटर नवा. काहून टेन्शन घेऊन राहिली?"

मी प्राचीकडे बघितलं. धनुष्यबाण मांडीवर, मान मागे टेकलेली, डोळे अर्धे मिटलेले. उन्हाने थकली असेल, असं मला वाटलं.

वाद घालायची मला कधीच हौस नव्हती, आणि या वयात तर आपण रुसून बसलो तरी लोकांना वाटतं डुलकी लागली. मी मागचं दार उघडलं, आत जाऊन बसले आणि पाय वर घेतले.

"मी बी येतो अकोल्याले."

"आजी, जागा नाही. सामान आहे."

"सामान काढ. नाही तं आधी चावी फिरव, हिले खाली उतरव, आन मंग ते झाकण उघड."

मी चप्पल काढून सीटखाली ठेवली होती आणि माझी चप्पल निघाली म्हणजे मी हलत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. इंजिन बंद झालं. प्राची खाली उतरली, जरा नाखुशीनेच. गौरवने बॉनेट उघडलं. आतलं सगळं कसं चकचकीत, निळ्या-लाल नळ्या, चांदीसारखे डबे. मला काहीच कळलं नाही. मी प्राचीच्या ओटीतला नवा कोरा खण उचलला, वाकले आणि नाक जिकडे नेत होतं तिकडे हात घालून पुसत गेले. एका चकचकीत डब्यापासून दुसऱ्या चकचकीत डब्यापर्यंत जाणारा एक वीतभर काळा रबरी पाइप होता. तो तेवढा जुना. खण तिथे ओला झाला.

मी तो गौरवच्या नाकापुढे धरला.

त्याने हुंगला. मग स्वतःचं बोट त्या पाइपाखाली फिरवलं. रबराला केसाएवढी चीर होती, आणि नव्या पंपाचा जोर तिच्यातून पेट्रोल बाहेर ढकलत होता. खाली हाताला चटका देणारं लोखंड.

"बाहेरून चांगला दिसून राह्यला होता," तो म्हणाला. आवाज अगदी लहान झाला होता. त्याने एकदा प्राचीकडे बघितलं, तिच्या हिरव्या साडीकडे, आणि तो तिथेच जमिनीवर बसला.

आरामखुर्चीतून हे उठून आले होते. काठी टेकत वाकून त्यांनी पाइप बघितला, माझ्या हातातला खण बघितला. मला वाटलं, आता तरी जुन्या पंपाचं नाव घेतील.

"माह्या वेळी ऊन होतं," ते नातवाला म्हणाले. "तू तं बापा सावलीत बनवली."

गौरव म्हणाला, उद्या पाइप आणतो, बदलवतो, मग जाऊ. मी म्हटलं, "तू उद्या बदलव. प्राची आज जाईन." ती सुधाकरच्या पांढऱ्या गाडीतून गेली, जिच्या बॉनेटखाली तिच्या जन्मापासून कोणी डोकं घातलेलं नाही. फाटकातून निघाल्यावर रस्त्यावरची कुत्री भुंकायला उठली आणि चालत तिच्या पुढे निघून गेली. गौरव मागच्या सीटवर बसला होता, सामानाच्या मधोमध, मांडीवर फुलांचा धनुष्यबाण. लाल गाडी शेडमध्ये माळांसकट उभी राहिली. झेंडू वाळला, आरशांवरची संत्री मऊ पडली आणि त्यांच्यावर चिलटं आली. तो खण मी दोनदा धुतला. मग चुलीत घालायला निघाले आणि तेवढं शहाणपण मला वेळेवर सुचलं, म्हणून परसात पुरला.

आता तोडा संपत आला आहे. झाडं रिकामी, पानांवर धूळ. काल संध्याकाळी मी ओट्यावर बसले होते, हे शेजारी, गौरव शेडमध्ये. नवा पाइप त्याने बसवला आहे आणि आता तो प्रत्येक सांध्याला बोट लावून ते हुंगत असतो. मला बरं वाटलं. तेवढ्यात अकोल्याहून प्राचीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि ती एकदम हळू आवाजात म्हणाली,

"आजी, एक सांगू? हासशील नाही ना?"

"नाही हासत. बोल."

"त्या दिवशी गाडीत तो जो वास आला होता ना... तो मले लय आवडला होता. आतापर्यंत डोक्यातून जात नाही. काल मी उगाच आईसंग पेट्रोल पंपावर गेली होती. त्यांनी नळी काढली आन मी खिडकी खाली केली."

मी फोन कानापासून दूर धरला. जिभेच्या मुळाशी कडू पाणी आलं. ताडपत्रीच्या आड पान्याचा आवाज थांबला होता. गौरवला फोन वाजल्याचं कळलं होतं आणि तो हात पुसत बाहेर येत होता.

"गौरवले सांगितलं काय हे?" मी तोंडावर पदर धरून विचारलं.

"नाही. सांगू?"

"बिलकूल सांगू नको. खिडकी वर कर आन घरी जाऊन बस."

फोन ठेवला तोवर तो ओट्यापाशी येऊन उभा होता. बोटांवर काळं, डोळ्यांत काळजी. आमचे हे सुद्धा खुर्चीत पुढे सरकून बसले होते, आणि ते पुढे सरकणं मला ओळखीचं होतं.

"काय म्हणते वं पोरगी?" त्यांनी विचारलं. "काही इच्छा झाली काय तिले?"

"हाव," मी म्हटलं. "चिंच पाह्यजे म्हणते."